वंचित मुलांसाठीचे अध्ययनसमृद्धी कार्यक्रम आणि सहावी ते आठवीची वर्षे

अमेरिकेतील अनेक शहरांत शाळा सुटल्यावर, शनिवारी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी असे वर्ग भरतात, जे शिकवणीचेही नसतात आणि शाळेचेही नसतात. तिथे येणारी मुले बहुतेक कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील असतात. त्यांच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसते, आणि त्यांच्या शाळांत प्रयोगशाळा, अनुभवी गणितशिक्षक किंवा वरच्या पातळीचे विषय यांपैकी काहीतरी कायम अपुरे असते. अशा वर्गांना अध्ययनसमृद्धी कार्यक्रम म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे मागे पडलेल्या मुलांना पुढे आणण्याचे काम वाटते. प्रत्यक्षात या कार्यक्रमांचा उद्देश वेगळा आहे, आणि तो समजला नाही तर त्यांचे यशापयशही नीट जोखता येत नाही.

मागे पडलेल्या मुलाला इयत्तेच्या पातळीवर आणण्यासाठी जे शिकवले जाते ते उपचारात्मक अध्यापन. त्याची गरज आहेच. मात्र त्यात मूल जे वर्गात एकदा शिकून चुकले, तेच पुन्हा, अधिक सावकाश आणि अधिक सरावाने शिकते. समृद्धी कार्यक्रमात मुलाला असे काही दिले जाते जे त्याच्या शाळेत मिळतच नाही. गणिताचे एक साधे उदाहरण घेऊ. बुद्धिबळाच्या पटावर एकूण किती चौरस आहेत, असा प्रश्न शिक्षक फळ्यावर लिहितो. बहुतेक मुले लगेच ६४ म्हणतात. शिक्षक बरोबर किंवा चूक असे काहीच सांगत नाही, फक्त थांबतो. थोड्या वेळाने एखादी मुलगी विचारते की चार घरांचा मिळून जो मोठा चौरस होतो तो धरायचा का. मग दोन बाय दोनचे चौरस मोजायला सुरुवात होते, आणि ते १६ नसून ४९ आहेत, कारण ते एकमेकांवर चढतात, हे कोणाच्या तरी लक्षात येते. तीन बाय तीनचे ३६, चार बाय चारचे २५ असे करत उत्तर २०४ वर पोहोचते. तेव्हा ६४, ४९, ३६ हे सगळे वर्ग आहेत ही गोष्ट मुले स्वतःच हेरतात, आणि पट आठऐवजी दहा घरांचा असता तर काय झाले असते हा पुढचा प्रश्न शिक्षकाला विचारावा लागत नाही. हा तास पाऊण तास चालतो आणि त्यात एकच गणित होते. पाठ्यक्रम संपवण्याच्या घाईत असलेल्या, पस्तीस मुलांच्या वर्गाला हा वेळ परवडत नाही.

आता हीच तीन वर्षे का, हा प्रश्न. याच्या उत्तरातच या कार्यक्रमांचा गाभा आहे, म्हणून ते थोडे सविस्तर पाहायला हवे.

अमेरिकी शाळांत गणिताचे विषय बहुधा एका ठरलेल्या क्रमाने येतात: आधी बीजगणिताचा पहिला भाग, मग भूमिती, मग बीजगणिताचा दुसरा भाग, त्यानंतर कलनपूर्व गणित आणि शेवटी कलन म्हणजे कॅल्क्युलस. प्रत्येकाला एक शैक्षणिक वर्ष लागते. बारावीत कलन शिकायचे असेल तर उलट मोजत यावे लागते: अकरावीत कलनपूर्व गणित, दहावीत बीजगणिताचा दुसरा भाग, नववीत भूमिती आणि आठवीत बीजगणिताचा पहिला भाग. ज्या मुलाला आठवीत बीजगणित मिळाले नाही, त्याला बारावीपर्यंत कलन गाठायचे तर एखाद्या उन्हाळ्यात किंवा एकाच वर्षात दोन विषय उरकावे लागतात. अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या शाखा घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने शाळेतच कलन केलेले असावे, अशी अपेक्षा नामवंत विद्यापीठांत मोठ्या प्रमाणावर असते. म्हणजे अठराव्या वर्षी उघडणारे एक दार तेराव्या वर्षीच अर्धे लोटले गेलेले असते, आणि ज्याच्यासाठी ते लोटले गेले त्याला आणि त्याच्या पालकांना त्या वेळी याची कल्पनाही नसते.

आठवीत बीजगणिताला कोण बसेल हे ठरते सहावी-सातवीत. त्यासाठी चाचणीचे गुण पाहिले जातात, शिक्षकांची शिफारस पाहिली जाते, आणि पालकांनी शाळेत जाऊन आग्रह धरला का, यालाही पुष्कळ ठिकाणी वजन असते. हा तिसरा घटक कागदावर कुठेच नसतो. ज्या आईवडिलांनी स्वतः हा रस्ता चाललेला आहे त्यांना कोणत्या महिन्यात कोणाला भेटायचे हे माहीत असते. दोन नोकऱ्या करणाऱ्या किंवा शाळेची भाषा नीट न येणाऱ्या पालकांना मुळात असा काही निर्णय होतो आहे हेच कळत नाही. काही शाळांत तर आठवीला बीजगणिताचा वर्गच नसतो, त्यामुळे गुण कितीही असले तरी उपयोग होत नाही.

नेमकी हीच अडचण बॉब मोझेस यांच्या वाट्याला आली आणि तिच्यातून या क्षेत्रातील एक महत्त्वाचे काम उभे राहिले. मोझेस १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय नागरिकांची मतदारनोंदणी करणारे कार्यकर्ते म्हणून ओळखले गेले. पुढे काही वर्षे त्यांनी टांझानियात गणित शिकवले. १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे त्यांची मुलगी आठवीत होती आणि तिच्या शाळेत बीजगणित शिकवले जात नव्हते. त्यांनी शाळेत जाऊन तिला आणि तिच्या काही वर्गमित्रांना स्वतः शिकवायला घेतले. त्याच वर्षी मिळालेल्या मॅकआर्थर पाठ्यवृत्तीच्या आधारावर त्यातून अल्जिब्रा प्रोजेक्ट हा वंचित मुलांना बीजगणित शिकवणारा उपक्रम आकाराला आला. मताचा हक्क नाकारणे आणि गणित नाकारणे या दोन्ही गोष्टी माणसाला नागरिक म्हणून अपुरे ठेवतात, ही त्यांची मांडणी होती, आणि २०२१ मध्ये निधन होईपर्यंत ते त्याच कामात होते.

मुले बीजगणितात नेमकी कुठे अडतात याचे त्यांचे निरीक्षण आजही उपयोगी आहे. अंकगणितात संख्या फक्त 'किती' या प्रश्नाचे उत्तर देते. बीजगणितात तिला 'कोणत्या दिशेने' याचेही उत्तर द्यावे लागते, आणि ही उडी मुलांना कोणी समजावून दिलेली नसते. मोझेस मुलांना बॉस्टनच्या भुयारी रेल्वेच्या रेड लाइनवर घेऊन गेले. प्रवास करायचा, परत येऊन त्याचे चित्र काढायचे, आपल्या शब्दांत वर्णन करायचे, आणि त्यानंतरच चिन्हांत लिहायचे, असा क्रम. समजा केंडल स्थानक शून्य मानले आणि बॉस्टनकडे जाणारी दिशा धन धरली. मग चार्ल्स अधिक एक, पार्क स्ट्रीट अधिक दोन, आणि उलट दिशेला सेंट्रल उणे एक, हार्वर्ड उणे दोन. पार्क स्ट्रीटहून सेंट्रलला आलो तर काय झाले? उणे एकमधून अधिक दोन वजा केले, उत्तर उणे तीन, म्हणजे तीन स्थानके मागच्या दिशेने. ऋण संख्यांची वजाबाकी पाठ केलेल्या मुलाला 'वजा वजा अधिक' एवढाच नियम येतो. या पद्धतीने शिकलेल्या मुलाला वजाबाकी म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागेपर्यंतचे अंतर आणि दिशा हे कळलेले असते. शून्य कुठे ठेवायचे हे आपण ठरवतो, आणि ते हलवले तरी उणे तीन हे उत्तर बदलत नाही, हेही त्याला करून पाहता येते.

यावरून असे वाटू शकते की सगळ्याच मुलांना आठवीत बीजगणिताला बसवले की प्रश्न सुटला. तो प्रयोग झालेला आहे आणि त्याचे निकाल चांगले नाहीत. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट-मेक्लेनबर्ग या शालेय जिल्ह्याने, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेने, २००२ नंतर मोठ्या संख्येने मुलांना ठरल्यापेक्षा लवकर बीजगणित दिले. नंतरच्या अभ्यासात दिसले की अशा प्रकारे पुढे ढकललेल्या मुलांचे बीजगणितातील गुण कमी आले आणि पुढची भूमिती वेळेत उत्तीर्ण होण्याचे प्रमाणही घटले. याच्या उलट टोकाचा उपाय सॅन फ्रान्सिस्कोने केला. तिथे २०१४ पासून आठवीतले बीजगणित सर्वांसाठीच बंद करून नववीत नेले गेले. दशकभर वाद चालला, आणि २०२४ मध्ये शहरातील मतदारांनी मोठ्या बहुमताने ते परत आणावे असा कौल दिला. या दोन्ही अनुभवांचा अर्थ माझ्या मते एकच आहे. वर्ग उघडणे किंवा बंद करणे हे प्रशासनाला सोपे असते. त्या वर्गात बसण्यासाठी लागणारी दोन-तीन वर्षांची तयारी सर्व मुलांपर्यंत पोहोचवणे मात्र कठीण असते, आणि अध्ययनसमृद्धी कार्यक्रम ती तयारी करून घेण्यासाठी असतात. पाचवी-सहावीत अपूर्णांक आणि गुणोत्तर पक्के झालेले मूल बीजगणितात तरते. ते कच्चे राहिलेले मूल चिन्हांच्या गर्दीत हरवते आणि आपल्याला गणित जमत नाही असा कायमचा समज करून घेते.

गणितापलीकडचीही एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. अमेरिकेत नवे शोध लावणारे संशोधक कोण होतात याचा राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखो नोंदींच्या आधारे अभ्यास केला, आणि तो २०१७ मध्ये पुढे आला. तिसरीत गणितात अव्वल गुण असणाऱ्या मुलांमध्येही श्रीमंत घरांतील मुले मोठेपणी पेटंट मिळवण्याची शक्यता कमी उत्पन्नाच्या घरांतील तितक्याच हुशार मुलांपेक्षा कितीतरी अधिक होती. ज्या मुलांना लहानपणी आसपास संशोधन करणारी माणसे पाहायला मिळाली ती त्या वाटेला अधिक वळली. बुद्धी होती, पण ती कुठे लावायची हे दाखवणारे कोणी भोवताली नव्हते. म्हणूनच चांगल्या कार्यक्रमांत विद्यापीठाच्या आवारात नेणे, अभियंत्याशी किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या व्यक्तीशी बोलायला लावणे, यांना सहलीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते.

हे कार्यक्रम प्रत्यक्षात चालतात तरी कसे? रचना अनेक आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत १९७८ मध्ये समरब्रिज नावाने सुरू झालेला आणि आज ब्रेकथ्रू म्हणून अनेक शहरांत चालणारा कार्यक्रम मिडल स्कूलच्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या, मुलांना शिकवण्याचे काम महाविद्यालयीन आणि वरच्या शाळेतील विद्यार्थ्यांकडे सोपवतो. अनुभवी शिक्षक त्यांना मार्गदर्शन करतात. यात दुहेरी लाभ आहे: तेरा वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, अभ्यासाची आवड उघडपणे दाखवणारी व्यक्ती रोज भेटते, आणि शिकवणाऱ्या तरुणाला शिक्षकी पेशाची खरी चव मिळते. वॉशिंग्टनमध्ये १९७५ साली सुरू झालेला हायर अचीव्हमेंट हा कार्यक्रम पाचवी ते आठवीच्या मुलांना वर्षभर सांभाळतो, शाळेच्या दिवसांत संध्याकाळी आणि उन्हाळ्यात दिवसभर. न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून काम करणारा बीम हा कार्यक्रम सातवी झालेल्या मुलांना उन्हाळ्यात काही आठवडे निवासी शिबिरात नेतो आणि तिथे संख्यासिद्धांत, तर्क, गुप्तलेखन अशा विषयांत सिद्धतेपर्यंत पोहोचवतो. गणित आवडणे ही तिथे लपवायची गोष्ट राहत नाही. ज्या मुलाला आपल्या शाळेत असा एकही सोबती नव्हता, त्याच्यासाठी यासारखे दुसरे काही नाही, असे मला ठामपणे वाटते.

कार्यक्रम कितीही उत्तम आखला तरी मूल आलेच नाही तर सगळे व्यर्थ. कामाचा हा भाग सर्वांत रुक्ष आहे, पण निकाल त्यावरच ठरतो. रँड या संशोधनसंस्थेने पाच मोठ्या शालेय जिल्ह्यांतील मोफत उन्हाळी वर्गांचा अभ्यास केला. २०१३ पासून सुरू झालेल्या या प्रयोगातील मुले थोडी लहान, म्हणजे तिसरी संपलेली होती. नाव नोंदवलेल्यांपैकी सुमारे पाचवा भाग मुले एकही दिवस फिरकली नाहीत. जी मुले पाच-सहा आठवड्यांत २० किंवा अधिक दिवस आली, त्यांच्या गणितात शरद ऋतूत स्पष्ट फायदा दिसला. जी अधूनमधून आली त्यांच्यात तो दिसला नाही. न येण्याची कारणे आळसाची नसतात. बस घरापासून लांब थांबते, धाकट्या भावंडाला कोणी सांभाळायचे असते, कुटुंब मध्येच घर बदलते. त्यामुळे अनुभवी संस्था फळ्याइतकेच लक्ष बसच्या मार्गाकडे आणि दुपारच्या जेवणाकडे देतात. मूल दोन दिवस आले नाही तर तिसऱ्या दिवशी घरी फोन जातो.

प्रवेश कोणाला द्यायचा, हा या क्षेत्रातील सर्वांत अवघड प्रश्न. आर्थिक निकष तुलनेने सरळ असतो. शालेय जेवणाच्या राष्ट्रीय योजनेनुसार दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलाला मोफत आणि १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीच्या दरात जेवण मिळते, आणि बरेच कार्यक्रम हाच मापदंड वापरतात. पुढे मात्र वाटा फुटतात. न्यूयॉर्कमधील प्रेप फॉर प्रेप हा कार्यक्रमही १९७८चाच. तो मुलांना चाळणी लावून निवडतो, चौदा महिने कसून तयारी करून घेतो आणि नामवंत खासगी शाळांत दाखल करतो. तिथून बाहेर पडलेल्यांची कामगिरी भरीव आहे. तरी यात एक दुखरी बाजू राहते: निवडलेले मूल वस्तीतील शाळा सोडून जाते, आणि त्या शाळेत काहीच बदलत नाही. दुसऱ्या टोकाला, गुण न पाहता शिकण्याची तयारी असलेल्या प्रत्येकाला घेणारे कार्यक्रम आहेत. त्यांच्या वर्गात एका बाकावर अपूर्णांकात अडलेले आणि दुसऱ्या बाकावर समीकरणे सोडवणारे मूल बसते, आणि शिक्षकाची कसोटी लागते. मला दुसरा मार्ग अधिक न्याय्य वाटतो, कारण अकराव्या वर्षीच्या एका चाचणीवरून मुलाची कुवत ठरवणे ही तीच चूक आहे जी दुरुस्त करण्यासाठी हे कार्यक्रम निघाले.

पैसा अनेक ठिकाणांहून येतो. १९६५च्या उच्चशिक्षण कायद्यातून आलेली टॅलेंट सर्च योजना ११ वर्षांपासून पुढच्या मुलांना महाविद्यालयाची वाट दाखवते, आणि तिच्यातील दोनतृतीयांश लाभार्थी कमी उत्पन्नाचे व कुटुंबातील पहिल्या पिढीचे असावे लागतात. १९९८ची गिअर अप योजना सातवीपर्यंत एका संपूर्ण तुकडीला हाती घेते आणि शालेय शिक्षण संपेपर्यंत सोबत राहते. शाळेनंतरच्या वर्गांसाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र निधी अलीकडच्या वर्षांत वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलर इतका राहिला आहे. बाकीचा भार धर्मादाय प्रतिष्ठाने आणि देणगीदार उचलतात. त्यांची मदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते, तर एका मुलाला सहावीपासून महाविद्यालयाच्या दारापर्यंत न्यायला सात वर्षे लागतात.

कार्यक्रमाचा उपयोग होतो का, हे मोजताना एक फसगत हमखास होते. 'आमची बहुतेक सर्व मुले महाविद्यालयात गेली' असे संस्था सांगते आणि ते खरेही असते. मात्र जे पालक अर्ज भरतात, मुलाला शनिवारी सकाळी उठवून पाठवतात, त्यांची मुले कार्यक्रमाशिवायही इतरांपेक्षा पुढे गेली असती. मग श्रेय कोणाचे? यावर प्रामाणिक उपाय एकच: जागांपेक्षा अर्ज अधिक आले की सोडत काढायची, आणि नंबर लागलेल्या व न लागलेल्या मुलांचा काही वर्षे मागोवा घ्यायचा. दोन्ही गटांतील पालक सारखेच उत्साही असल्याने उरलेला फरक कार्यक्रमाचा. हायर अचीव्हमेंटने २००६ पासून हे धाडस केले. दोन वर्षांनंतर प्रवेश मिळालेल्या मुलांचे गणित आणि वाचन दोन्हींतील गुण न मिळालेल्यांपेक्षा वर होते. फरक डोळे दिपवणारा नव्हता, मध्यम होता. मला तो विश्वासार्ह वाटतो, कारण सोडतीत हरलेल्या मुलांशी तुलना करून तो मिळाला आहे. उन्हाळ्यात गरीब मुले शिकलेले विसरतात आणि सगळी दरी तिथेच रुंदावते, हा दावाही असाच जपून घ्यायला हवा. १९८२ पासूनच्या बाल्टिमोरमधील अभ्यासामुळे तो रूढ झाला, पण नव्या चाचण्यांनी मोजल्यावर हा परिणाम सगळीकडे तितका दिसत नाही. उन्हाळी वर्गांची गरज त्यामुळे कमी होत नाही. दरी शाळा सुरू होण्याआधीच पडलेली असेल, तर ती बुजवायला सुट्टीचे दहा आठवडे हाताशी आहेत, एवढे कारण पुरेसे आहे.

आठवी संपली की बहुतेक कार्यक्रमही संपतात, आणि ही त्यांची मोठी उणीव आहे. नववीत गेलेले मूल नव्या शाळेत पुन्हा एकटे पडते आणि चुकीच्या गणितवर्गात टाकले गेले तर दाद कुठे मागायची हे त्याला ठाऊक नसते. ज्या संस्थांनी हे ओळखले त्या बारावीपर्यंत एक माणूस प्रत्येक मुलामागे ठेवतात. तो विषयनिवड तपासतो, शाळेच्या समुपदेशकाशी बोलतो, महाविद्यालयाचे आणि आर्थिक साहाय्याचे अर्ज पालकांसोबत बसून भरतो. या कामाला वर्ग लागत नाही, फळाही लागत नाही, आणि देणगीदाराला दाखवण्यासारखे छायाचित्रही त्यातून मिळत नाही. पण सातवीत केलेली तयारी बारावीपर्यंत टिकते की नाही, हे बऱ्याच अंशी त्या एका माणसाच्या पगाराची तरतूद झाली आहे का, यावर ठरते.